सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड: ऐकलेले किती, खरे किती

‘ते गरिबांचे कार्ड आहे, आपल्याला कुठले मिळायला?’ उज्जैनच्या फ्रीगंजात किंवा गोपाळ मंदिराच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांत आयुष्मान कार्डाचा विषय काढला की पहिले उत्तर हेच येते. बोलणारे निवृत्त मास्तर असतात, बँकेतून रिटायर झालेले काका असतात. स्वतःचे घर, बेताचे पेन्शन, मुलगा पुण्यात, मुलगी इंदूरला. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांचे म्हणणे बरोबर होते. आता ते बरोबर नाही, आणि या एका समजुतीपायी कितीतरी म्हातारी माणसे हक्काच्या उपचाराला मुकत आहेत.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झाली, तेव्हा ती खरोखरच गरीब कुटुंबांसाठी होती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत नाव असणाऱ्यांनाच मुख्यतः कार्ड मिळे. मध्य प्रदेशाने पुढे तिच्यात असंघटित कामगारांसाठीच्या संबल योजनेतली आणि रेशनवरचे धान्य मिळणारी कुटुंबेही घेतली. मध्यमवर्गीय घर मात्र बाहेरच राहिले. मग ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ही योजना लागू करायची. त्याच वर्षी धन्वंतरी जयंतीला, २९ ऑक्टोबरला, ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ सुरू झाले. म्हणजे आता उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पिवळे-निळे रेशनकार्ड लागत नाही. दुमजली घर असले, दारात गाडी असली तरी कार्ड मिळते.

उलट्या बाजूचा गैरसमज साठीतल्या लोकांचा. रेल्वेच्या, बँकेच्या हिशेबात आपण साठीला ज्येष्ठ नागरिक होतो, म्हणून हे कार्डही साठीला मिळेल असे धरून ते केंद्रावर जातात आणि हिरमुसून परत येतात. इथे अट सत्तरीचीच आहे. ६० ते ६९ मधल्यांना कार्ड हवे तर त्यांचे कुटुंब आयुष्मानच्या यादीत असावे लागते.

आता पैशांचे. ‘दोघांना मिळून दहा लाख’ असे सर्रास सांगितले जाते. तसे नाही. मर्यादा वर्षाला ५ लाख रुपयांची आहे आणि ती घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून आहे. आजोबा ७४ चे, आजी ७१ च्या, तर दोघांत मिळून ५ लाख. आजी ६८ च्या असतील तर आज ते सगळे आजोबांसाठीच, कारण सत्तरीखालच्या माणसाला त्यातले काही मिळत नाही. घर आधीपासूनच आयुष्मानच्या यादीत असेल तर कुटुंबाचे जुने ५ लाख तसेच राहतात आणि सत्तरीपुढच्यांना वेगळे ५ लाख वाढवून मिळतात. ते मुलासुनांच्या उपचारावर खर्च होत नाहीत. म्हणून जुने कार्ड असणाऱ्या आजी-आजोबांनीही वय वंदनासाठी नव्याने नोंदणी करायची असते. ‘आमचे आहे की आधीचे’ म्हणून स्वस्थ बसले तर वाढीव रक्कम हातची जाते.

खरी अडचण येते ती आधारपाशी. या कार्डाला कागद एकच लागतो, आधार. वय मोजले जाते ते त्यावरच्या जन्मतारखेनुसार. शाळेचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, पत्रिका यांतले काहीही इथे चालत नाही. आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवरची तारीख हा मोठाच घोळ आहे. नोंदणीच्या वेळी कुणाजवळ कागद नव्हता, कुणी अंदाजे वय सांगितले, समोरच्याने १ जानेवारी टाकून दिली. घरच्या हिशेबाने ७२ वर्षांच्या आजी आधारवर ६७ च्या निघतात. मग कियॉस्कवरच्या मुलाशी हुज्जत घालून काही होत नाही. त्याच्या हातात तारीख बदलणे नसते. ती दुरुस्ती आधार केंद्रावर, जन्माचा मान्य पुरावा दाखवूनच होते, आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. तेव्हा दाखला, पासपोर्ट, पेन्शनचा आदेश जे काही असेल त्यावरची तारीख नीट जुळवून मगच जावे. हे काम वेळ खाते. म्हणून ६८-६९ व्या वर्षीच आधार काढून तारीख बघून ठेवावी असे मी आग्रहाने सांगते.

दुसरा अडथळा अंगठ्याचा. वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्यांचा जन्म भांडी घासण्यात, शिवणकामात किंवा उज्जैनच्या आता बंद पडलेल्या कापडगिरण्यांत गेला त्यांचे ठसे तर यंत्र घेतच नाही. एक बोट, दुसरे बोट, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तेच. शेवटी आजीच ओशाळतात, जणू त्यांचेच काही चुकले. अशा वेळी ‘अंगठा लागत नाही, कार्ड होणार नाही’ असे कुणी म्हटले तर ते मान्य करू नये. ओळख पटवायचे आणखी मार्ग आहेत: आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, डोळ्यांच्या बुबुळांची तपासणी आणि चेहऱ्यावरून ओळख. आयुष्मान ॲपमध्ये फोन समोर धरून, सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप केली की काम होते. उजेड तोंडावर यावा म्हणून आजींना खिडकीकडे तोंड करून बसवायचे, मागे खिडकी ठेवायची नाही. मुलगा-सून दूर असतील तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला हाक मारली तरी घरबसल्या होण्यासारखे आहे. नसेल जमत तर कॉमन सर्व्हिस सेंटर आहे, योजनेतली रुग्णालयेही नोंदणी करून देतात. आपल्याकडे प्रत्येक कामाला राज्याचा समग्र आयडी मागायची सवय आहे, पण या कार्डासाठी योजनेच्या नियमात आधारच पुरेसे आहे. कार्डाला शुल्क नाही. घरी फोन करून ‘कार्डाचे पैसे भरा’ म्हणणारा माणूस ठग समजावा.

‘तारीख निघून गेली’ हीसुद्धा अफवाच. नोंदणी वर्षभर चालू असते, शेवटची तारीख ठेवलेलीच नाही.

पेन्शनरांचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या सीजीएचएसमध्ये, माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये किंवा केंद्रीय पोलीस दलांच्या आयुष्मान योजनेत असलेल्यांना दोन्ही एकदम मिळत नाहीत. जुनी योजना किंवा ही, एक निवडावी लागते, आणि नोंदणी करताना तसे विचारले जाते. घाईने ‘हो’ म्हणू नये. सीजीएचएस आणि ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याची औषधेही मिळतात. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या आयुष्यभर लागणाऱ्या माणसाला त्यांचे मोल पाच लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त असू शकते. मला तरी बहुतेक घरांत जुनी योजनाच सोयीची वाटते. कामगार विम्याच्या ईएसआयसीवाल्यांना आणि खासगी विमा असणाऱ्यांना ही निवड करावी लागत नाही, त्यांना वय वंदनाही मिळते.

खासगी पॉलिसी आहे म्हणून कार्ड नाकारणारे जसे आहेत, तसे कार्ड मिळाले म्हणून पॉलिसी बंद करायला निघालेलेही आहेत. हप्ता परवडत असेल तर ती मोडू नये. एकदा सोडली की नव्याने घेताना आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आणि ‘पासष्टीनंतर पॉलिसीच देत नाहीत’ हे आता जुने झाले: १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ती वयाची अट काढून टाकली आहे. सरकारी कार्डात मात्र थांबणे नाहीच. जुना मधुमेह असो की दहा वर्षांपूर्वीचा हृदयविकार, पहिल्या दिवसापासून उपचार मिळतो.

कशाचा मिळतो, हे आधी कळलेले बरे, नाहीतर रुग्णालयाच्या खिडकीवर वाद होतो. हे कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल न होता दिलेली डॉक्टरांची फी, केमिस्टचे बिल, नुसती रक्त-लघवीची तपासणी त्यात येत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतला त्या आजाराचा खर्च येतो. उपचारांची यादी १,९६१ प्रक्रियांची आहे, २७ विशेषज्ञ शाखांमधली: अँजिओप्लास्टी, पेसमेकर, डायलिसिस, खुब्याची आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया. पैसे हातात येत नाहीत, रुग्णालय थेट योजनेकडून घेते. ‘आधी भरा, मग परत मिळतील’ असे पॅकेजातल्या उपचाराबद्दल कुणी सांगितले तर १४५५५ वर लगेच फोन करावा.

आणि ही सोय फक्त योजनेतल्या रुग्णालयात मिळते. सरकारी जिल्हा रुग्णालय त्यात असतेच, खासगी रुग्णालयाचे आधी विचारून घ्यावे, कारण एकच रुग्णालय सगळ्याच शाखांसाठी योजनेत असेल असे नाही. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल. तिथल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदत कक्षावरच्या माणसाला, नेमका आजार सांगून विचारले की उत्तर मिळते. उज्जैनचे कार्ड उज्जैनलाच चालते, हीही चुकीची समजूत. ५५ किलोमीटरवरच्या इंदूरला चालते आणि मुलाकडे पुण्याला गेल्यावर तिथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालते. त्यासाठी पत्ता बदलावा लागत नाही.

एक शेवटचा घोळ. पुष्कळांच्या पाकिटात चौदा आकडी क्रमांकाचे ‘आभा’ कार्ड असते आणि त्यांना वाटते की विमा झाला. आभा म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवायचे खाते. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. पाकिटातले कार्ड कोणते हे आजच वाचून बघा, आणि वय वंदना नसेल तर प्रकृती ठणठणीत असतानाच करून घ्या. रुग्णालयात पोचल्यावरही नोंदणी करता येते हे खरे, पण रात्री दोन वाजता आधारला जोडलेला मोबाईल घरी राहिलेला असतो.