मापकांवाचून पुराचा शोध

नदीच्या पुराचे ज्ञान आपणास परंपरेने काठावरील पातळीमापकांपासून होते. जेथे हे मापक विरळ आहेत, अथवा पुराबरोबरच वाहून जातात, तेथे कोणत्या साधनांचा आश्रय घ्यावा, हा जलशास्त्रापुढील मोठा प्रश्न होय. या दृष्टीने मोझांबिकचे उदाहरण उद्बोधक आहे. १४-१५ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळ बेइरा बंदरानजीक किनाऱ्यावर आदळले आणि पुढील दिवसांत पुंग्वे व बुझी या नद्यांची मैदाने जलमय झाली. आकाश मेघाच्छादित असता प्रकाशीय छायाचित्रणाचा उपयोग थोडाच. १९ मार्च रोजी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाने घेतलेल्या रडार-प्रतिमेत मात्र पूर स्पष्ट उमटला.

याचे कारण असे की, सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या रडार-तरंगांना ढग अडवीत नाहीत. तिरकस सोडलेल्या या तरंगांचा काही अंश खडबडीत भूमी उपग्रहाकडे परत पाठविते. निश्चल जलपृष्ठ त्यांना आरशाप्रमाणे पलीकडे परावर्तित करते, म्हणून ते काळे दिसते.

परंतु काळे ते सर्व पाणी नव्हे, आणि पाणी तो सर्व पूर नव्हे. नित्याचे जलाशय वगळण्यासाठी, १९८४ पासूनच्या लँडसॅट-प्रतिमांवरून सिद्ध केलेला व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक जलनकाशा उपयोगी पडतो. कोरडी वाळूही काळी दिसते. तिची शहानिशा फेब्रुवारी २००० मधील अवकाशयान-मोहिमेने मोजलेल्या भू-उंचीवरून करता येते: निकटच्या प्रवाहाहून बरीच उंच असलेली जागा सहसा पुराखाली नसते. मात्र या उंचीत काही मीटरांची चूक संभवते, आणि जंगलात तर ती वृक्षांच्या माथ्याकडे झुकते. सपाट त्रिभुज प्रदेशात, म्हणजे जेथे या कसोटीची निकड सर्वाधिक, तेथेच ती दुबळी ठरावी, हा दुर्दैवी योग म्हणावयाचा.

याहून गंभीर दोष उलट दिशेचा आहे. पाण्यात उभी असलेली झाडे व घरे तरंगांना दोनदा परावर्तित करून उपग्रहाकडेच धाडतात, त्यामुळे बुडालेली वस्ती उजळ, म्हणजे जणू कोरडी, दिसू शकते. साहाय्यकार्याची दिशा नकाशावरून ठरत असेल, तर कोरड्या वाळूस पूर समजणे ही क्षम्य चूक. बुडालेले गाव सुटणे ही नव्हे. शिवाय उपग्रह काही दिवसांच्या अंतराने परततो, आणि मधल्या काळात पुराचा माथा निघून गेलेला असू शकतो. अशा नकाशावर प्रतिमेचा दिनांक व वेळ यांची नोंद असलीच पाहिजे.