हलणारा दात आणि त्याचे मोजमाप

पांढुर्णा-सौंसर भागातील वडीलधाऱ्या मंडळींत एक समज आम्हांस वारंवार आढळतो: दात हलू लागला, म्हणजे त्याचे दिवस भरले. मग तो जिभेने चाळवीत राहावयाचे आणि एके दिवशी बोटांनी उपटून टाकावयाचा. ह्या समजुतीपायी वाचण्याजोगे पुष्कळ दात जातात. आणि मधुमेह असणाऱ्याने अथवा रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने घरीच दात उपटणे तर जिवावरही बेतू शकते.

वस्तुतः निरोगी दातही किंचित हलतोच. तो हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसून, मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या तंतूंच्या वेष्टनाने हाडाशी बांधलेला असतो. फुटाणे चावताना बसणारा दाब हे तंतू झेलतात. तेव्हा दात हलतो की नाही, हा प्रश्नच नव्हे. किती हलतो, हा खरा प्रश्न.

तो सोडविण्याची रूढ रीत मिलर ह्या तज्ज्ञाच्या १९५० सालच्या ग्रंथामुळे त्याच्याच नावाने ओळखली जाते. दंतवैद्य दोन धातूच्या उपकरणांच्या दांड्या दाताच्या आतबाहेर टेकवून तो हलवून पाहतो. बोटाचे मांस स्वतःच दबते, म्हणून केवळ बोटावर विसंबत नाहीत. स्वाभाविकाहून जरा अधिक हालचाल ही पहिली श्रेणी. एक मिलिमीटरपर्यंत दुसरी. त्याहून अधिक, अथवा दात खाली दबू लागला वा स्वतःभोवती फिरू लागला, तर तिसरी. पुढे जर्मनीत दातावर टिचक्या मारून आकडा देणारे पेरिओटेस्ट नावाचे यंत्र निघाले, परंतु दोन दांड्या काही मागे पडल्या नाहीत.

मात्र केवळ श्रेणीवरून निकाल लागत नाही. हाड किती उरले, हे क्ष-किरण चित्रात पाहावे लागते. कारणही शोधावे लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवरील गोटमारीत तोंडावर दगड बसून ढिला झालेला दात वेळीच शेजारच्या दातांस तारेने बांधला, तर पुष्कळदा पुन्हा धरतो. कीटणामुळे हिरडी सुजून हलणारा दातही सफाईनंतर अनेकदा घट्ट होतो. "सफाई केली म्हणूनच दात हलू लागले," अशी तक्रार करणारे भेटतात खरे. पण आतून आधीच सैल झालेल्या दातांना कीटणाचा थर जखडून ठेवीत असतो, तो निघाला की सैलपणा उघडा पडतो इतकेच. खर्रा खाणाऱ्यांनी तर हिरड्या आधी दाखवाव्यात. तंबाखूने दाताभोवतालचे हाड झिजते.

नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि सौंसरहून तेथवर जाणे अवघड नाही. जाताना दात तोंडातच असू द्यावा.