डोळ्यांना विसावा

सातपाटीच्या किनाऱ्यावरून होडी समुद्रात निघाली, की तांडेलाची नजर क्षितिजाकडे लागते. दूरचा ढग, पाण्याचा पालटलेला रंग, परतणाऱ्या होडीचा दिवा हे सारे त्याला टिपावयाचे असते. ह्याच पालघर तालुक्यात बोईसरच्या स्थानकावर संध्याकाळी उभे राहिले, तर अगदी निराळे दृश्य दिसते. तारापूरच्या कारखान्यांतून परतणारे कामगार असोत वा शिकवणीहून येणारी मुले असोत, बहुतेकांच्या माना खाली झुकलेल्या असतात आणि दृष्टी हातातील मोबाइलवर जडलेली असते. समुद्र तेथून थोड्याच कोसांवर आहे. पण डोळे वीतभर अंतरापलीकडे जात नाहीत.

मुलांनो, मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा हा काही आपला शत्रू नव्हे. २०२० साली साथीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा ह्याच पडद्यातून अनेकांच्या घरी धडे पोहोचले. परंतु ज्याच्याशी आपला रोजचा संबंध, त्याच्याशी कसे वागावे हे आपणांस कळले पाहिजे.

डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक व लवचीक भिंग असते. त्यातून जाणारे प्रकाशकिरण आतील दृष्टिपटलावर एकत्र येतात आणि तेथे वस्तूचे चित्र उमटते. दूरचे पाहताना भिंगाभोवतीचा स्नायू सैल असतो; जवळचे पाहताना तो आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होते. म्हणजे जवळचे पाहणे हे डोळ्यांना श्रमाचे काम होय. भरलेली कळशी हातात धरून उभे राहा. कळशीचे वजन वाढत नाही, तरी थोड्या वेळाने हात भरून येतो. तासभर पडद्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांची हीच गत होते. म्हणून ही कळशी मधूनमधून खाली ठेवावी. दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद, २० फुटांपलीकडील वस्तूकडे पाहावे. कोणाला खिडकीतून ताडाचे झाड दिसेल, कोणाला डोंगराची रेघ दिसेल. तेवढ्यानेही डोळ्यांना विसावा मिळतो.

दुसरी गोष्ट पापण्यांची. एरवी आपली पापणी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवते आणि दर वेळी अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरविते. पडद्यात मन रमले, की पापणी लवणे पुष्कळच कमी होते. मग डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. तुम्ही मित्राशी बोलत असताना आणि मोबाइलवर खेळ खेळत असताना, अशा दोन्ही वेळी पापण्या किती वेळा लवतात, हे त्याला मोजावयास सांगा. फरक तुमच्या ध्यानी येईल.

हा शीण विश्रांतीने जातो. पण एक दोष असा आहे, की तो एकदा जडला म्हणजे आपोआप मागे फिरत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांब झाला, तर दूरच्या वस्तूचे चित्र दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि ती वस्तू अंधुक दिसते. ह्या दोषाला निकटदृष्टिता म्हणतात. सतत जवळचे पाहणे आणि मोकळ्या उजेडात कमी वावरणे ह्यांच्याशी त्याचा संबंध आहे. चीनमधील ग्वांगजौ शहरात काही शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना हा दोष जडला. इतर शाळांत ते प्रमाण सुमारे ४० टक्के होते. खेळाचे मैदान हे डोळ्यांचेही औषध आहे, ते असे.

माझ्या वर्गात एक विद्यार्थी मागच्या बाकावर बसून नेहमी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असे. मी त्याला आळशी समजलो आणि शिक्षा म्हणून पहिल्या बाकावर बसविले. त्या दिवशी त्याचे एकही अक्षर चुकले नाही. त्याला मागून फळा दिसतच नव्हता. आणि सर्वांना असेच दिसत असावे, अशी त्या बिचाऱ्याची समजूत होती. मुलाची नजर कमी होती हे खरे. पण ते मला दिसले नाही, ह्याची खंत मला अजून वाटते.

अशी मुले वेळीच ओळखली जावीत, ह्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दृष्टीचीही तपासणी होते. ह्या कार्यक्रमाचा देशातील आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघर येथेच झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तपासणीचे पथक शाळेत आले, म्हणजे पुढच्या मुलाने सांगितलेली अक्षरे पाठ करून म्हणू नका. जे दिसते तेच सांगा. चष्मा लागला, तर त्याची लाज बाळगू नका. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत खोटी आहे.

एवढे नियम पाळा. पुस्तक व मोबाइल डोळ्यांपासून निदान हातभर दूर धरा. अंधाऱ्या खोलीत पडदा पाहू नका. निजण्यापूर्वी तासभर तो बंद ठेवा. आणि संध्याकाळी मैदानावर, शेताच्या बांधावर किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर जा. तेथे सूर्याकडे टक लावू नका. पण दूर पाण्यावर एखादी होडी दिसते का, ते अवश्य पाहा.