डोंगरवाट आणि सायकल

पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याने निघालात की कामार्लीच्या बाजूला डोंगरांच्या कुशीत हेटवण्याचे धरण लागते. भोगेश्वरी नदी अडवून साठवलेले हे पाणी पुढे पेणकडे आणि नव्या मुंबईकडे जाते. पाण्याच्या भोवती टेकड्या, टेकड्यांवर कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या, आणि वाड्यांना खालच्या डांबरी रस्त्याशी जोडणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटा. अशा वाटांवर अलीकडे हिवाळ्यातल्या रविवारी जाड टायरच्या सायकली घेतलेली, डोक्यावर टोपासारखी हेल्मेटे चढवलेली शहरी मंडळी दिसू लागली आहेत. खाली चांगला रस्ता असताना ही माणसे दगडांतून का जातात, असे पाहणाऱ्याला वाटते. हौसेला कारण विचारू नये हे खरे. पण त्यांच्या सायकलीत काय निराळे आहे, हे मात्र आपण समजून घेण्यासारखे आहे. कारण याच उतारावरून आपली मुले जुन्या काळ्या सायकलीवर बसून शाळेला येतात, आणि त्या सायकलीचा ब्रेक कसा आहे हे पुष्कळदा कोणी पाहिलेले नसते.

या खेळाचा जन्मच मुळी ब्रेकच्या फजितीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून धुळीच्या वाटेने खाली येण्याच्या शर्यती लावीत. त्यातली एक 1976 साली सुरू झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. उतार इतका कडक की तळाशी येईतो हब तापून आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हा वर जाण्यापूर्वी नवे ग्रीस भरावे लागे. पुन्हा ग्रीस भरण्याला त्यांच्या भाषेत ‘रिपॅक’ म्हणतात. म्हणून त्या शर्यतीचे नावच रिपॅक पडले. पुढे याच मंडळींनी डोंगरासाठी वेगळी सायकल बांधायला घेतली, आणि 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

आता आधी चढ पाहू. गुरुजींनी वर्गात मुलांकडून करून घ्यावे असे हे गणित आहे. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलीचे दाते मोजायला सांगा. जुन्या सायकलीचे पुढचे चक्र 44 दात्यांचे आणि मागचे 18 दात्यांचे धरू. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक 44 भागिले 18, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाक 28 इंची असले तर त्याचा घेर सुमारे 2.23 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. डोंगरी सायकलीला गिअर असतात. तिचे सर्वांत हलके गिअर पुढे 22 आणि मागे 34 दात्यांचे, चाक 26 इंची, असे घेऊन तोच हिशेब करा: एका फेऱ्यात 1.34 मीटर. अंतर चौथाईवर आले, म्हणून पायाला लागणारा जोरही सुमारे चौथाईवर आला. बदल्यात पाय मात्र चौपट वेळा फिरवावे लागतात. फुकट काही मिळालेले नाही. डोंगराच्या नाकावरून सरळ न चढता आपले गुराखी वळसे घेत चढतात ना, तीच ही युक्ती, फक्त लोखंडात बसवलेली.

चढणाऱ्याचे कौतुक लोक करतातच. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. उतरणाऱ्याला असा किताब असल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. पण हाडे मोडतात ती बहुधा उतारावर.

माणूस आणि सायकल मिळून 75 किलो वजन धरा, आणि उंची शंभर मीटर. एवढे चढून जायला जी शक्ती खर्च झाली, ती साधारण 73,500 ज्यूल भरते. खाली येताना ही सारी परत मिळते, आणि वेग आवरून धरायचा तर तिच्यातली बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरावी लागते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे साडेसतरा अंशांनी तापेल. जुन्या सायकलीत हे सारे ओझे रबराच्या चार लहान तुकड्यांवर पडते. ती रबरे रिमवर घासतात. रिम चकचकीत पोलादी असते, आणि ओली झाली की रबर तिच्यावरून सटकते. दवाने ओल्या गवतातून किंवा ओढ्यातून चाक गेले की पहिले काही फेरे ब्रेक लागतच नाही. यावर उपाय साधा आहे: उतार सुरू होण्याच्या आधीच दोन्ही ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून, कोरडी करून घ्यायची. नव्या डोंगरी सायकलीत हबजवळ पोलादी तबकडी असते आणि ब्रेक तिला चिमटीत धरतो. ती चिखलापासून वर राहते, हाच तिचा मोठा गुण.

ब्रेक कसा लावावा याबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे, की पुढचा ब्रेक लावूच नये. ती अर्धी खरी आहे. उतारावर अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्येच जास्त. मागचे चाक हलके होते, जोराने दाबले की फिरायचे थांबते आणि नुसते घसरत जाते. मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळला तर स्वार हॅन्डलवरून पुढे फेकला जातो. म्हणून सीटवरून उठून दोन्ही पायडले समपातळीत ठेवावीत, कंबर मागे न्यावी, दोन्ही ब्रेक बेताने आणि वळणाच्या आधीच लावावेत. नजर चाकाखाली नको, दहा-पंधरा पावले पुढे हवी; ज्या दगडाकडे टक लावाल त्याच दगडावर सायकल जाते, हा अनुभव कोणालाही घेता येईल.

मी तो वेगळ्या रीतीने घेतला. एका पाहुण्याची परदेशी बांधणीची सायकल घेऊन मी एका वाडीच्या उतारावर निघालो. आपल्याकडे बहुधा उजवा हात पुढच्या ब्रेकचा असतो. त्या सायकलीत डावा होता. निघण्यापूर्वी पाहायला हवे होते, पाहिले नाही. मागचा समजून पुढचा दाबला आणि कोपर सोलून घेतले. वरून हंडा घेऊन येणाऱ्या एका मावशींनी जखमेवर पाणी ओतले आणि म्हणाल्या, “इथनं आमची पोरं खाली उतरून सायकल हातानं नेतात, दादा.” पोरांना ठाऊक होते, मला नव्हते.

टायरबद्दल थोडे. दुकानदार ‘किती पौंड हवा भरू?’ असे विचारतो तेव्हा आपण बहुधा ‘टाइट भर’ म्हणतो. डांबरावर ते ठीक आहे. दगडांवर टणक टायर चेंडूसारखा उसळतो. डोंगरी सायकलीचा रुंद टायर त्यामुळे साधारण 25 ते 35 पौंडांवर ठेवतात. तो दगडाला लपेटून घेतो. फार कमी केली तर रिम दगडावर आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. तेव्हा पंप, पॅच आणि सोल्यूशन जवळ असू द्यावे.

ही वाट कोणाची, हेही लक्षात घ्यायला हवे. डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेल्या बाईला मान वळवून मागे पाहता येत नाही. लांबूनच घंटा वाजवावी, आवाज द्यावा आणि आपण उतरून उभे राहावे. गुरे बुजतात. धरणाची भिंत आणि जलसंपदा खात्याची हद्द येथे परवानगीवाचून जाऊ नये. आणि पावसाळ्यात डोंगरवाटेवर चाक घालूच नये. ओल्या लाल मातीत चाकाची एक चाकोरी पडली की पुढच्या सरीचे पाणी तिच्यातूनच धावते, आणि दसऱ्यापर्यंत पायवाटेचा ओहोळ होतो. तो शहरी स्वाराला आडवा येत नाही, रोज चालणाऱ्याला येतो. शेजारच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसे पायवाटेनेच वर चढली. पायवाट शाबूत असणे ही वाडीच्या जिवाची गोष्ट असते. भाताची कापणी होऊन माती घट्ट झाली, की कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ चांगला. पुढे ऊन आणि वणवे.

पेणची ही वाट झाली. महामार्गाने वडखळ, नागोठणे करीत कोलाडला आलात की रोह्याकडचा मुलूख लागतो, आणि तेथे धोका डोंगराचा कमी, नदीचा अधिक. घाटावरच्या मुळशी तलावाचे पाणी नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते. हे वीजघर 1927 सालापासून चालू आहे. वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत सोडतात. म्हणून इतर नद्या आटल्या तरी ऐन वैशाखात कुंडलिका वाहते, आणि कोलाडला रबरी नावांचा खेळ चालतो तो याच पाण्यावर. पण पाणी ठराविक वेळी सुटते. एरवी पात्रातले धोंडे उघडे असतात, त्यांतून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जावेसे वाटते. आणि माथ्यावर ऊन असताना, पावसाचा थेंब नसताना, पाणी चढू लागते. नदीत पाय घालण्यापूर्वी काठावरच्या माणसाला एवढेच विचारावे, “पाणी सुटलंय का?” ‘सुटायचंय’ असे उत्तर आले, तरी सायकल वळवून कोलाडच्या पुलावरून जावे.