पेनड्राइव्ह फॉर्मॅट होताना संगणक का अडतो

नवा रायपुरातलं एक सरकारी दालन. दुपारचे साडेतीन वाजलेत. 64 जीबीचा नवाकोरा पेनड्राइव्ह पाकिटातून निघतो आणि संगणकाला लागतो. उद्याच्या बैठकीची कागदपत्रं त्यावर घालून द्यायची आहेत. फॉर्मॅटच्या चौकटीत ‘क्विक फॉर्मॅट’समोरची खूण काढली जाते, ‘स्टार्ट’ दाबलं जातं आणि हिरवी पट्टी सरकू लागते. सुरुवातीला झपाझप, मग मुंगीच्या पावलांनी. तेवढ्यात उघड्या एक्सेलमध्ये कुणीतरी ‘सेव्ह अ‍ॅज’ दाबतं आणि अख्खी खिडकी पांढुरकी पडते.

“ताई, हँग झालाय. रीस्टार्ट मारू का?”

“थांब रे, हात नको लावूस. पट्टी अजून अर्ध्यावरही आलेली नाही.”

ताई म्हणतात ते बरोबर आहे. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला दिसतो. संगणक दमलेला नाही, तो कुणाची तरी वाट बघतोय. फॉर्मॅटच्या वेळी येणाऱ्या संथपणाचं मर्म एवढंच आहे, पण ते माहीत नसल्यामुळे चालू फॉर्मॅटमध्ये पेनड्राइव्ह उपटला जातो किंवा मशीनच बंद केलं जातं.

ती खूण काढण्यामागे कारण आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, जून 2022 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या. पेनड्राइव्हसारखं साधन पहिल्यांदा वापरण्याआधी त्याचं ‘लो फॉर्मॅट’ करावं, असं त्यात सांगितलं आहे. खऱ्या अर्थाचं लो-लेव्हल फॉर्मॅट कारखान्यातच होतं. टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातातला त्याच्या सर्वांत जवळचा उपाय म्हणजे पूर्ण फॉर्मॅट. 2012 मध्ये छत्तीसगडचं मंत्रालय रायपूर शहरातून इथल्या महानदी भवनात आलं, खात्यांची संचालनालयं इंद्रावती भवनात बसली. जिथे एवढी खाती एकमेकांना कागद देतात, तिथे या सूचनेला वजन आहे.

क्विक आणि पूर्ण यांत फरक किती? 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर एक्सफॅट पद्धतीने क्विक फॉर्मॅट मारलं, तर कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही तेवढी नव्याने मांडली जाते. लिहायचा मजकूर फार तर दोन-चार एमबी, म्हणून काम काही सेकंदांत उरकतं. जुना मजकूर मात्र जागच्या जागी राहतो आणि साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतो. पूर्ण फॉर्मॅटमध्ये विंडोज पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत शून्य लिहीत जाते. हे व्हिस्टापासून सुरू झालं. एक्सपीपर्यंत पूर्ण फॉर्मॅट खराब जागा शोधण्यासाठी सगळा ड्राइव्ह वाचून काढी, पण पुसत नसे. सेकंदाला 10 एमबी लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हला 64 जीबी भरायला सुमारे पावणेदोन तास लागतात.

पट्टी आधी धावते आणि मग रखडते, त्याचंही कारण पेनड्राइव्हच्या पोटात आहे. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसणं मोठ्या ठोकळ्यांतच होतं. बऱ्याच ड्राइव्हमध्ये थोडा भाग वेगाने लिहिण्यासाठी राखलेला असतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो.

आणि एक्सेलचं काय बिघडलं होतं? फाइल कुठे ठेवायची हे विचारणारी खिडकी जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हची चौकशी करते. त्यातला एक लिहिण्यात गुंतलेला असेल, तर त्याचं उत्तर येईपर्यंत खिडकी अडकू शकते. बाकीचा संगणक ठणठणीत असतो, अडकतो तो ड्राइव्हच्या यादीला हात लावणारा प्रोग्रॅम.

दुखणं जुनंच आहे. विंडोज 95 मध्ये फ्लॉपी फॉर्मॅट करायला लावली की सगळं मशीन जड व्हायचं. 80 ट्रॅक, दोन बाजू, मिनिटाला 300 फेरे. प्रत्येक ट्रॅक एका फेऱ्यात लिहून दुसऱ्यात तपासायचा म्हटलं तरी 1.44 एमबीसाठी मिनिटाच्या वर वेळ जाई. जुन्या डॉस प्रोग्रॅमांशी जुळवून घेण्यासाठी हे काम जुन्याच वाटेने होत असे, म्हणून इतर कामं खोळंबत. विंडोज एनटी वापरणाऱ्यांना फ्लॉपी फॉर्मॅट करता करता दुसरं काम करता यायचं, आणि त्याचं त्यांना कौतुक होतं.

लिनक्सवाल्यांनीही हे भोगलं आहे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतं आणि मागाहून ड्राइव्हवर उतरवतं. साठवणुकीची नेहमीची मर्यादा मोकळ्या मेमरीच्या 20 टक्के. 16 जीबीच्या मशीनवर हा साठा तीन जीबीपर्यंत जाऊ शकतो. पेनड्राइव्ह सेकंदाला 5 एमबीच घेत असेल, तर तो उतरायला दहा मिनिटं लागतात, आणि तोवर हार्ड डिस्कवर लिहू पाहणारे प्रोग्रॅमही ताटकळतात. 2013 मध्ये लिनक्सच्या कर्नल घडवणाऱ्यांत यावर बरीच चर्चा झाली. 2017 मध्ये आलेल्या 4.10 आवृत्तीत मागाहून होणाऱ्या लिखाणाला लगाम घालायची सोय झाली. नवा रायपुरातच 2015 पासून ट्रिपल आयटी आहे. अशा संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी हा प्रयोग स्वतः करून बघण्याजोगा आहे. स्वस्त पेनड्राइव्हवर मोठी आयएसओ फाइल लिहायला लावायची आणि मेमरीतला ‘डर्टी’ हा आकडा चढता-उतरता पाहायचा.

तेव्हा कार्यालयात नवा पेनड्राइव्ह आला तर त्याचं पूर्ण फॉर्मॅट जरूर करा, पण ज्या मशीनवर दिवसभराचं काम चालतं त्याला ते लावू नका. बाजूला पडलेला जुना संगणक त्याला पुरतो. रोजच्या वापरात स्वतःच्याच फायली काढून नव्या भरायच्या असतील तर क्विक फॉर्मॅट पुरेसं आहे. ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर मात्र पुन्हा पूर्णच करा. पट्टी रखडली तरी मशीन बंद करू नका, आणि पूर्ण झाल्याचा संदेश आल्यावर ‘इजेक्ट’ करूनच पेनड्राइव्ह काढा.