पिवळ्या माणसांची टवाळी

'द सिम्पसन्स' म्हणजे लहान मुलांचं कार्टून असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख. मॅट ग्रोनिंगचं हे पिवळं कुटुंब १७ डिसेंबर १९८९ ला अमेरिकेत फॉक्स चॅनेलवर आलं आणि त्याने कुणालाच सोडलं नाही. सिनेमे, नट, नेते, सगळ्यांची टर! आपल्याकडे अत्र्यांनी 'झेंडूची फुले'त कवींचं केलं तेच, फक्त इथे रंग पिवळा. (कॉन्व्हेंटवाली असूनही अत्रे माहीत आहेत, कृपया नोंद घ्यावी.)

आता विडंबन चालतं कसं? १९९३ चा 'केप फिअर' एपिसोड घ्या. त्याच नावाच्या सिनेमाची ती नक्कल. साइडशो बॉब सूड घ्यायला येतो आणि बागेतल्या दाताळ्यावर पाय देतो. दांडा फाडकन तोंडावर. असं एकदा नाही, सलग नऊ वेळा! खरं कारण म्हणजे एपिसोड लांबीला कमी पडत होता, म्हणून तोच फटका पुन्हा पुन्हा वापरला. मूळ सिनेमा मी आजही पाहिलेला नाही, तरी पोट धरून हसले. चांगल्या विडंबनाची हीच परीक्षा आहे असं मला वाटतं. मूळ माहीत असेल तर दुप्पट मजा, नसेल तरी तिकीट वसूल.

पण आपल्या जातकुळीचा जोक १९९५ चा. होमर चुकून त्रिमितीय जगात शिरतो (ही 'ट्वायलाइट झोन' मालिकेची नक्कल) आणि त्याच्या मागे हवेत एक समीकरण तरंगतं: १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. कॅल्क्युलेटर काढा. डावी बाजू करून बारावं मूळ घ्या, दहा आकडी डिस्प्लेवर चक्क १९२२ येतं! म्हणजे फर्माचा शेवटचा सिद्धान्त खोटा? तोही अँड्र्यू वाइल्सची सिद्धता छापून आली त्याच वर्षी? घाबरू नका. १७८२ सम, १८४१ विषम, म्हणून घातांची बेरीज विषम. १९२२ चा घात मात्र सम. खरं मूळ १९२१.९९९९९९९६ च्या आसपास आहे, कॅल्क्युलेटर ते गुपचूप राउंड करतो. लेखक डेव्हिड कोहेनने असा 'जवळजवळ बरोबर' आकडा शोधायला खास प्रोग्रॅम लिहिला होता. याला म्हणतात रिकामा वेळ!

आणि मग अपू. किराणा दुकानवाला, भारतीय, नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून. तो म्हणे कलकत्त्याच्या 'कॅलटेक'मधून सत्तर लाखांच्या बॅचमध्ये पहिला आलेला, वर कॉम्प्युटर सायन्सचा डॉक्टर! जोक आपल्यावर आहे, आणि झक्कास आहे. पण आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. तो ॲक्सेंट आपल्या घरात कुणी बोलत नाही.

इथे माझा मुद्दा. श्वार्झनेगरची टर उडवली तर प्रेक्षकाला खरा श्वार्झनेगर माहीत असतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या कितीतरी घरांत भारतीय माणूस म्हणजे फक्त अपू. मूळच समोर नाही, मग नक्कल हीच मूळ झाली. तिथे वाढलेल्या आपल्या मुलांना शाळेत 'अपू' म्हणून चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलू या कॉमेडियनने २०१७ मध्ये यावर माहितीपट काढला, आणि २०२० मध्ये अझारियाने अपूचा आवाज देणं सोडलं. आमच्या विंगमध्ये यावर रात्री दोनपर्यंत भांडण झालं. निम्म्या जणी म्हणाल्या, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्या इथे बसून बोलत होत्या. एमएसला गेलेल्या सीनियर्सना विचारा, उत्तर वेगळं मिळेल.

पाहायचंच असेल तर चौथ्या-पाचव्या सीझनपासून सुरुवात करा. सबमिशन झाल्यावर.