तारखेचा फेरफार

जालन्याकडून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेलूची वाट जेथे फुटते त्या देवगाव फाट्यावर, एका चहाच्या टपरीपुढे उभा राहून मागल्या दिवाळीच्या सुटीत मी मोबाइलवरून जे केले, त्याची हळहळ मला आजही वाटते. कोकणच्या किनाऱ्यावरील एका निवासगृहात गुरुवार, शुक्रवार व शनिवार अशा तीन रात्रींसाठी आम्ही दोन महिने अगोदर सवलतीच्या दराने खोली राखून ठेवली होती. परंतु पावसाने सोयाबीन भिजले, मळणीयंत्राची आमची पाळी एक दिवस पुढे गेली, आणि निघणे शुक्रवारावर आले. एकच दिवस सरकवावयाचा, म्हणून मी जुने आरक्षण रद्द केले व नवे करावयास गेलो, तो शनिवारची एकही खोली शिल्लक नव्हती. पाच मिनिटांपूर्वी आमच्या नावावर असलेली खोली खुल्या विक्रीत जाताच दुसऱ्या कोणी घेतली होती. ‘‘साहेब, रद्द करायच्या आधी फोन करायला पाहिजे होता,’’ एवढेच तेथील कारकून हळहळून म्हणाला.

आपण ज्याला तारीख बदलणे म्हणतो, ते निवासगृहाच्या दप्तरी बहुधा दुरुस्ती नसून फेरफार असतो. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि नवी नोंद नव्या क्रमांकाने चढते, त्याप्रमाणे येथेही जुना करार संपून नवा सुरू होतो. आणि नवा करार म्हटला की दर आजचा, खोल्याही आज उरलेल्या.

सवलत ही मेहेरबानी नव्हे, तो सौदा आहे. पाहुण्याने आपली तारीख आगाऊ बांधून द्यावी, मालकाने त्या निश्चिंतीची किंमत दरातून वजा करावी. कित्येक ठिकाणी ‘पैसे परत नाहीत’ किंवा ‘सलग तीन रात्री’ अशी अट याच सौद्याचा भाग असते, आणि अट मोडली की विसाराप्रमाणे सवलतही जाते. समजा, रोजचा दर 2400 रुपये असून आगाऊ आरक्षणाने तो 1800 झाला; तीन रात्रींचे 5400. तारखा बदलताच संपूर्ण मुक्काम आजच्या दराने मोजला, तर 7200 द्यावे लागतात. उलट, अटी आड येत नसतील आणि व्यवस्थापकाने सामाईक दोन रात्री जुन्याच दराने राखून केवळ तिसरी नवी धरली, तर 6000. ही तजवीज मोबाइलवरील यंत्रणा बहुधा करीत नाही. माणूस करू शकतो, म्हणून त्याच्याशी बोलावे. मात्र आरक्षण मध्यस्थ संकेतस्थळावरून केलेले असेल, तर बदलाचा अधिकार पुष्कळदा त्या मध्यस्थाकडेच राहतो. नवा दर चढताना कराकडेही लक्ष असावे: 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे, त्याहून महाग खोलीवर 18 टक्के.

मागणीप्रमाणे दर हलविण्याची ही रीत अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर विमान कंपन्यांत फोफावली आणि त्यांच्याकडून हॉटेलांनी उचलली. आपल्याकडे सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना दर 10 टक्के जागा भरताच मूळ भाडे 10 टक्क्यांनी वाढविण्याचा नियम लागू झाला, तो त्याच तत्त्वाचा. खोलीचा न्यायही तोच आहे, कारण रिकामी गेलेली शनिवारची रात्र रविवारी विकता येत नाही. दिवाळीत शनिवारी गर्दी असते, म्हणून एका दिवसाच्या सरकण्यानेही दराचा सारा हिशेब पालटतो.

तेव्हा नवी खोली हाती आल्यावाचून जुनी सोडू नये, हे मी आता प्रत्येक आप्ताला आग्रहाने सांगतो. पहिल्या रात्री पोहोचणे होणार नसेल, तर तसे लेखी कळवावे. न कळविल्यास पाहुणा आलाच नाही असे धरून पुढच्या रात्रीही मोकळ्या केल्या जाण्याचा संभव असतो.

यंदा आम्ही रात्रीमागे 200 रुपये अधिक देऊन, तारीख बदलण्याची मुभा असलेला दर घेतला आहे. मळणीयंत्राची पाळी अद्याप ठरावयाची आहे.